ग्रंथाची बांधणी



पुस्तके का वाचावीत, यावर आपण पुष्कळ ऐकतो. आज मला त्याच्या पुढच्या पायरीवर बोलायचे आहे. हाती आलेले वैचारिक पुस्तक कसे बांधले आहे, हे ओळखायचे कसे?

कॉलेजात असताना मी लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ पहिल्या पानापासून वाचायला घेतले आणि सातव्या प्रकरणात अडकलो. कर्मयोगावरच्या ग्रंथात हे कापिलसांख्य, प्रकृती-पुरुष कशासाठी, ते उमगेना. पुस्तक मिटले. पुढे एका वडीलधाऱ्या वाचकाने मला त्याची नुसती अनुक्रमणिका मोठ्याने वाचायला लावली. ती आज आपण मिळून पाहू.

मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पंधरा प्रकरणांचा आहे. कर्माचे बरेवाईट ठरवण्याचे तीन मार्ग टिळक मांडतात : आधिभौतिक, आधिदैवत आणि आध्यात्मिक. चौथ्या-पाचव्या प्रकरणांत ते बाह्य सुखाची कसोटी तपासतात, सहाव्यात मनोदेवतेची, म्हणजे सदसद्विवेकबुद्धीची. दोन्ही अपुऱ्या ठरतात. मग उरला तिसरा मार्ग. पण तिथे आधी विचारावे लागते, की कर्म करणारा हा ‘मी’ कोण आणि हे विश्व काय? त्यासाठीच सातवे सांख्यशास्त्राचे, आठवे विश्वाच्या उभारणीचे आणि नववे अध्यात्माचे. दहाव्यात प्रश्न येतो, की कर्म माणसाला बांधत असेल तर त्याला स्वातंत्र्य कुठले? त्याचे उत्तर मिळाल्यावरच अकराव्यात संन्यास आणि कर्मयोग समोरासमोर उभे राहतात आणि निवाडा होतो. मी अडकलो होतो तो या इमारतीचा पाया होता. वर काय उभे राहणार आहे, याची कल्पना नसल्याने मला तो अडथळा वाटला.

आणि चौदाव्या प्रकरणाचे नाव पाहा : ‘गीताध्यायसंगति’. गीतेचे अठरा अध्याय एकामागून एक असेच का येतात, याचा विचार करायला टिळकांनी अख्खे प्रकरण दिले. बांधणी समजल्याशिवाय तात्पर्य हाती लागत नाही, ही त्यांची खात्री होती.

ही दृष्टी आपल्या परंपरेतच आहे. ग्रंथाचा विषय कोणता, प्रयोजन काय, तो कोणासाठी आणि या सगळ्यांचा परस्परसंबंध काय, हे आरंभीच सांगावे अशी शास्त्रकारांची शिस्त होती. तिला ‘अनुबंधचतुष्टय’ म्हणतात. ‘दासबोध’ उघडा. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, असे दोनशे समास. त्यातला पहिलाच समास ग्रंथाचे नाव, त्यातला विषय आणि श्रवणाचे फळ सांगतो. आजच्या चांगल्या प्रस्तावनेने हेच काम करायचे असते.

तात्पर्य काढण्याची रीत मीमांसकांनी घालून दिली. उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, जोडून पाहा. अभ्यास, म्हणजे पुन्हापुन्हा काय सांगितले, ते पाहा. नवे काय, फळ काय, निव्वळ स्तुती कुठे आणि युक्तिवाद कुठे, ते वेगळे करा. टिळक पहिल्याच प्रकरणात ही कसोटी मांडतात. गीतेच्या आरंभी अर्जुन धनुष्य खाली ठेवतो, शेवटी तो लढायला उभा राहतो. या दोन टोकांमधून त्यांना गीतेचा कर्मपर अर्थ दिसला. आपल्याला त्यांचा निष्कर्ष पटो न पटो, वाद कुठे घालायचा ते या कसोटीमुळे कळते.

सगळेच ग्रंथ असे पायऱ्या चढत जात नाहीत. केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त आधी पाच प्रस्तावनाखंड येतात आणि मग अकारविल्हे नोंदी सुरू होतात. प्रस्तावनाखंड सलग वाचायचे, नोंदी हव्या तेव्हा काढून पाहायच्या. एकाच ग्रंथात वाचनाच्या दोन रीती.

शेवटी सूचीबद्दल, म्हणजे पुस्तकाच्या अखेरीस शब्द आणि त्यांची पाने देणाऱ्या यादीबद्दल. अनुक्रमणिका लेखकाची वाट दाखवते, सूची वाचकाला स्वतःची वाट काढू देते. आपल्याकडची पुष्कळ वैचारिक पुस्तके अजूनही सूचीविना निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रकाशकांकडे ती आग्रहाने मागा.

आणि आज घरी गेल्यावर अर्धवट राहिलेले एक पुस्तक काढा. अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि शेवटचे प्रकरण एवढेच वाचा, आणि लेखकाला काय सिद्ध करायचे आहे ते एका वाक्यात वहीत लिहा. मगच पहिल्या पानावर या.