परक्याचे बुजगावणे आणि मतपेटी

(तळेगाव (श्यामजी पंत), जि. वर्धा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शेतकरी शेतात बुजगावणे उभे करतो ते पाखरांना भिवविण्यासाठी. निवडणुकीच्या शिवारात मात्र बुजगावणे उभे केले जाते ते खुद्द शेतधन्यालाच भिवविण्यासाठी. त्याची नजर त्या बाहुल्यावर खिळली की धान्य कोण नेतो हे त्याला दिसत नाही. परक्या माणसाची भीती हे असेच एक बुजगावणे आहे.

अमेरिकेत हा प्रयोग फार जुना. १८७७ साली सान फ्रान्सिस्को येथे डेनिस कीर्नी ह्याने मंदीत होरपळलेल्या मजुरांचा पक्ष उभारला. रेल्वेमालकांच्या मक्तेदारीविरुद्धचा त्या मजुरांचा राग खरा होता. परंतु पक्षाची मुख्य घोषणा ठरली ती 'चिनी गेलेच पाहिजेत' ही. १८८२ साली चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. चिनी मजूर अडविला गेला. रेल्वेमालकांची सत्ता मात्र जागच्या जागी राहिली. २०१५ साली डोनाल्ड ट्रम्प ह्यांनी उमेदवारी जाहीर करताना मेक्सिकोतून येणाऱ्यांना गुन्हेगार व बलात्कारी ठरविले. २०२४ च्या वादसभेत त्यांनी ओहायोतील स्प्रिंगफील्डचे हैतीयन स्थलांतरित लोकांची पाळीव कुत्री-मांजरे खातात, असे सांगितले. ह्याला काहीही पुरावा नसल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले होते. तरीही सभा गाजल्या आणि मते पडली.

अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. पण महाराष्ट्राचा आरसा काय सांगतो?

१९६० च्या दशकात 'मार्मिक' साप्ताहिकाने मुंबईतील कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' ही घोषणा गल्लोगल्ली पोचली आणि उडप्यांच्या खाणावळींवर दगड पडले. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईतून व्ही. के. कृष्ण मेनन अपक्ष म्हणून उभे होते. त्यांच्या धोरणांवर टीका करण्यासारखे पुष्कळ होते. परंतु सेनेचा प्रचार बोट दाखवीत होता तो त्यांच्या केरळी जन्माकडे. मेनन त्या वेळी हरले आणि त्याच वर्षी झालेल्या पोटनिवडणुकीतही हरले. पुढे १९६९ साली बंगालमधील मिदनापूरच्या मतदारांनी ह्याच मल्याळी माणसाला लोकसभेत पाठविले.

ह्या इतिहासातील सर्वांत कडू घोट समाजवाद्यांनी स्वतः गिळला पाहिजे. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाने शिवसेनेशी युती केली. सेनेचे ४२ नगरसेवक निवडून आले आणि तिला पहिली मोठी प्रतिष्ठा लाभली. युतीचे समर्थन काय होते? मराठी तरुणाची बेकारी खरी आहे, जनतेच्या भावनेपासून फटकून राहता येणार नाही, हेच. बेकारी खरी होतीच. परंतु गाऱ्हाणे खरे असले म्हणून त्यावर सांगितलेला उपाय खरा ठरत नाही. समाजवाद्याचे काम त्या रागाला योग्य शत्रू दाखविण्याचे. ते न करता रागाच्या मागे चालत गेलेला पक्ष क्षीण होत गेला, आणि ज्याला त्याने खांदा दिला तो मोठा झाला.

परिणाम दूर नव्हते. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई ह्यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई ह्यांचा पराभव करून शिवसेनेने विधानसभेतील पहिली जागा मिळविली. कृष्णा देसाई परप्रांतीय नव्हते. मराठी कामगारांचे मराठी पुढारी होते. परक्याविरुद्ध उगारलेली काठी शेवटी घरच्याच पाठीवर कशी पडते, ह्याचा ह्याहून मोठा दाखला नाही. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. मराठी कामगाराची ती रोजी कोणा लुंगीवाल्याने हिरावली नव्हती.

शत्रूची नावे बदलत गेली. आधी दाक्षिणात्य, मग मुसलमान, पुढे उत्तर भारतीय. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडील उमेदवारांना महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. पुढच्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत त्या पक्षाला १३ जागा मिळाल्या. भरतीच्या जागा कमी का, हा प्रश्न मात्र बाजूलाच पडला.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे धर्म, वंश, जात, जमात वा भाषा ह्यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने हे बंधन मतदाराच्या धर्म-भाषेलाही लागू केले. कायदा हवाच, पण निवडणूक-अर्जाचा निकाल लागेपर्यंत विष भिनलेले असते. उतारा गावातच तयार व्हावा लागतो.

वर्धा जिल्ह्याला हे शिकविण्याची गरज पडू नये. १९५६ पर्यंत हा मुलूख हिंदी भाषकांसह एकाच राज्यात नांदला. १९४२ साली ह्याच तालुक्यातील आष्टीच्या लोकांनी रक्त सांडले ते एका भाषेसाठी नव्हे. विदर्भातला पोरगा आज पुण्या-मुंबईला, सुरतेला, हैदराबादला जातो. काही घरांतली मुले अमेरिकेत पोचली आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यात 'माझ्या देशातून चालते व्हा' असे ओरडत एका तेलुगू अभियंत्याला गोळी घालण्यात आली. मारेकऱ्याने त्याची भाषा विचारली नव्हती. गावच्या वेशीवर जो मजूर परका, तसाच गावचा मुलगा दुसऱ्या वेशीवर परका असतो.

म्हणून कार्यकर्त्याने पारावर हिशेब मांडावा. कापसाचा भाव कोणी पाडला? संत्र्याचा दलाल कोण? कालव्याचे पाणी कोठे अडले? भरती कोणी थांबविली? ह्या यादीत परप्रांतीय मजुराचे नाव कोठे येते, हे लोकांनाच विचारावे. बुजगावण्याच्या अंगातला सदरा एकदा उतरविला की आत उरते ती काडी आणि पेंढा. तो उतरविण्याचे काम निवडणूक जाहीर झाल्यावर नव्हे, आजच सुरू झाले पाहिजे.