फुग्यात कोण बोलतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्यातल्या आमच्या वस्तीच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी तिसरी-चौथीतली वीसेक मुलं जमून चित्रकथा वाचतात. त्याबद्दल बोलायला मला सांगितलंय. पोलीस चौकीत आणि कोर्टात खेटे घालणाऱ्या तुम्हाला हा विषय हलका वाटेल. मलाही वाटायचा.

सुरुवातीला वेळ संध्याकाळची होती. यायचे ते सगळे मुलगे. मुली का येत नाहीत म्हणून घरोघर विचारत फिरले, तर उत्तर नळावर मिळालं. पाणी पाचला येतं. वेळ दुपारची केली आणि मुली आल्या, निम्म्या जणी कडेवर भावंडं घेऊन. त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक सतरंजी टाकली. 'चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे' असं काही सभासदांचं म्हणणं. पाठ्यपुस्तकातली ओळ अडखळत वाचणारी मुलगी चित्रावरून गोष्ट कशी धडाधड सांगते, ते त्यांनी एकदा येऊन ऐकावं.

आमच्याकडे कुणीकुणी दिलेल्या जुन्या अमर चित्रकथा होत्या. १९६७ पासून निघालेल्या या पुस्तकांवर आपल्यातल्याही कितीतरी जणी वाढल्या. त्यावर आम्ही एक खेळ काढला. ज्यात पात्रांचं बोलणं लिहितात ते फुगे मोजायचे, बाईचे किती आणि पुरुषाचे किती. मुलगे आधी वैतागले, मग तेही मोजू लागले.

मग 'भीमायन' आणलं. बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या प्रसंगांवरची, २०११ साली आलेली ही चित्रकादंबरी. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. पुस्तक इंग्रजी, म्हणून मी मराठीतून सांगत गेले, तेही पाण्याचा भागच. शाळेत दहा वर्षांच्या भीमाला नळाला हात लावायची बंदी, शिपाई नसला की तहानलेलं राहायचं. या चित्रांत चौकोन नाहीत. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मुलांना हे एका झटक्यात कळलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, भीमाच्या घरी पाणी कोण भरायचं?" आई वारलेली, आत्या घर सांभाळायची, एवढंच मी सांगू शकले.

पुढच्या शनिवारी मुलांनी आपापली पानं काढली. एका नऊ वर्षांच्या मुलीनं स्वतःचं घर काढलं. बापाच्या फुग्याला नांगी, आईचा फुगा कोरा. मी भारावले, शाबासकी दिली आणि चित्र दाराजवळच्या भिंतीवर लावलं.

एम.एस.डब्ल्यू.ला गोपनीयतेवर पानंच्या पानं लिहिली होती मी! समुपदेशनाला आलेल्या बाईची फाईल आपण कुलपात ठेवतो. मुलाचं चित्र मात्र सजावट समजतो. शेजाऱ्यानं पाहिलं, बापाच्या कानावर गेलं. मुलगी दोन आठवडे आली नाही. मी घरी गेले तेव्हा आई उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही भिंतीवर लावलंत, मार मला पडला."

मी माफी मागितली. दुसरं काय करणार? २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल, आमच्या केंद्राबद्दल सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

आता प्रत्येक मुलाची वही कपाटात असते, त्याला विचारल्याशिवाय ती कुणी उघडत नाही. भिंतीवर गोष्टीतली चित्रं लागतात, घरची नाहीत. केंद्रातली एक कार्यकर्ती महिन्यातून एकदा मुलांत येऊन बसते, नुसती बसते, म्हणजे तिचा चेहरा ओळखीचा होतो. असे गट सुरू करणार असाल, तर पुस्तकांच्या आधी ही तयारी करा. मुलं बोलणार आहेत.

ती आई अजून केंद्रात आलेली नाही. मुलगी परत येऊ लागलीय. भावाला मांडीवर घेऊन वाचते. चित्र मात्र काढत नाही, आणि मी काढ म्हणत नाही.