हौदावरचा बेडूक आणि चिंचेवरचं वानर

आज थेट पारनेरहून, आमच्या मळ्यातून बोलतोय. मागून आवाज येतोय ना, ती वानरांची टोळी. चिंचेवर बसलीय. खाली हौदाच्या भिंतीला एक झाडबेडूक चिकटलाय. आज या दोघांची तुलना.

दोघांपुढचा प्रश्न एकच, पडायचं नाही. वानर फांदी मुठीत धरतं. अंगापेक्षा लांब शेपटी फक्त तोल सांभाळते. शेपटीनं लटकणारी माकडं अमेरिका खंडातली, आपली नाहीत. बेडकाला मूठ नको. त्याच्या बोटांच्या टोकांना गोल गाद्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर षटकोनी पेशी दिसतात आणि मधल्या चरांत पातळ द्राव. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात ना, तसंच. म्हणून गडी बाथरूमच्या टाइलवर सरळ उभा चढतो.

पाण्याचं गणित मात्र वेगळं. वानराच्या पोटात कप्पे असतात, तिथं जिवाणू पाला आंबवतात. पाल्यातूनच बरंच पाणी मिळतं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. कातडी सुकली की संपलं. आपल्या दुष्काळी तालुक्यात तो उन्हाळ्यात मोरीत, माठामागं का बसतो, कळलं?

पिल्लांचंही तसंच. वानरीला साधारण साडेसहा महिन्यांनी एकच पिल्लू, आणि टोळीतल्या बाकीच्या माद्याही ते सांभाळतात. बेडकी पाण्याच्या वर, फांदीला नाहीतर भिंतीला फेसाचं घरटं करते. त्यात शेकडो अंडी. काही दिवसांनी शेपटीवाली पिल्लं टपाटप खाली पाण्यात.

आता माझी चूक. दोन वर्षांपूर्वी मी तो फेस साबणाचा समजून ब्रशनं घासून टाकला. कुणी काही बोललं नाही. वानराला आजी 'मारुतीराया' म्हणत भाकरी टाकते, बेडकाला केरसुणी. खरं तर भाकरीही त्या पोटासाठी नाही, आणि सवय लागली की टोळी डाळिंबात शिरते. मग आपणच फटाके लावतो.

आज सकाळी भिंतीवर पुन्हा फेस दिसला. अण्णा ब्लीचिंग पावडर घेऊन उभे. "जनावरं काय पिणार मग?" त्यांचंही बरोबरच होतं. शेवटी ठरलं, आठवडाभर जनावरांना बोअरचं पाणी. पिल्लं उतरली की मगानं जुन्या घमेल्यात काढायची, हौदाच्याच पाण्यासकट. मग हौद धुवायचा.

तुमच्याकडंही हौद, टाकी धुवायला काढली असेल तर आधी भिंत बघा. एवढंच. भेटू पुढच्या एपिसोडला!