स्मृतिवनातून परतताना
(वर्धापनदिनाच्या सभेत विश्वस्त मंडळातर्फे केलेले भाषण)



विश्वस्त मंडळातील आम्ही काही जण यंदा कच्छमधील भुज येथे जाऊन आलो. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाची स्मृती जपण्यासाठी तेथील भुजिया डोंगरावर 'स्मृतिवन' उभारले असून २०२२ साली त्याचे लोकार्पण झाले. डोंगरउतारावर पाणी अडविणारे बंधारे बांधले आहेत आणि त्यांच्या भिंतींवर १२,९३२ मृतांचे नामफलक आहेत. कच्छसारख्या कोरड्या मुलखात या नावांच्या पायाशी पाणी साठावे, ही कल्पनाच अंतःकरणाला भिडते. फलक वाचता वाचता आमचे आपसांतील बोलणे केव्हा थांबले, ते कळलेच नाही. जवळच्या अंजार गावी वीर बालक स्मारक आहे. प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली १८५ मुले आणि २० शिक्षक तेथे ढिगाऱ्याखाली गेले.

तथापि रुग्णालयाचे सेवक म्हणून आम्हांला अधिक अस्वस्थ केले ते एका निराळ्याच गोष्टीने. त्या सकाळी भुजचे सरकारी रुग्णालयच कोसळले. ज्या दारी जखमींनी धाव घ्यावयाची, ते दारच उरले नाही. उपचार उघड्या मैदानात करावे लागले. पुढे नवे रुग्णालय बांधताना इमारत आणि पाया यांच्यामध्ये शिसे व रबर यांचे आधार बसविण्यात आले. जमीन हादरली तरी त्यांमुळे वरच्या इमारतीला बसणारा धक्का सौम्य होतो. आमच्या मते भुजमधील हेही एक स्मारकच होय.

महाराष्ट्राला हा धडा किल्लारीने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिला होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी झोपेतल्या माणसांचे प्राण घेतले. असे असूनही आम्ही काय शिकलो?

परतल्यावर आपल्या वास्तूकडे आम्ही नव्या दृष्टीने पाहिले. प्राणवायूची नळकांडी साखळीने बांधलेली नव्हती. औषधांची उंच कपाटे भिंतीला जखडलेली नव्हती. जुन्या विभागाच्या खांबांची तज्ज्ञांकडून तपासणी कधीच झाली नव्हती. हे कबूल करताना संकोच वाटतो. पहिली दोन कामे आम्ही महिन्याभरात पूर्ण केली. तिसरे मात्र आपल्या साहाय्यावाचून होणे नाही.

नव्या यंत्रावर देणगीदाराचे नाव लावता येते. बळकट केलेल्या खांबावर ते लावता येत नाही, आणि ते काम कोणाच्या नजरेसही पडत नाही. पण भुजियाच्या बंधाऱ्यांवरील ती नावे वाचून आलेल्या आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे, की कोणाचेही नाव अशा भिंतीवर कोरण्याची वेळ येऊ नये, यासाठी दिलेले दान सर्वांत मोठे.