एका ओळीतले दोन शब्द



एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने ९६० परदेशी तबलिगींचे पर्यटक व्हिसा रद्द केले. तेव्हा मला वाटलं, हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय. पुढे सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा एक निकाल वाचला. लुई डी राएट हे ख्रिस्ती मिशनरी १९३७ पासून भारतात होते. पन्नास वर्षांनी त्यांना देश सोडायचा हुकूम झाला. परदेशी माणसाला इथे राहण्याचा मूलभूत हक्क नाही, असं म्हणत न्यायालयाने तो कायम ठेवला. २०२१ च्या ओसीआय अधिसूचनेत तर खास परवानगी लागणाऱ्या कामांमध्ये ‘मिशनरी’ आणि ‘तबलीग’ हे शब्द शेजारीशेजारीच आहेत.

कुणाला व्हिसा द्यायचा, हे सरकारने जरूर ठरवावं. पण धर्मस्थळाला भेट देणं, प्रवचन ऐकणं म्हणजे धर्मप्रचार नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठाने हाच फरक दाखवून २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले.

मग एखाद्या पाद्रीबाबांना परत पाठवतात तेव्हा आपण गप्प का? नियम स्पष्ट असावा, आधी नोटीस मिळावी, बाजू ऐकली जावी, ही मागणी त्यांच्यासाठीही करू या. फक्त आपल्यापुरता मागितला, तर तो इन्साफ कसला?