समुपदेशक ताईंची वही

मागे दहावीच्या निकालावर बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं, "शाळेतल्या समुपदेशक ताई पोरीला आत बोलावून काय लिहितात? उद्या ते गावभर झालं तर?" प्रश्न रास्त आहे.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जिथे 100 किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिथे एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचं. म्हणजे ही वही आता आपल्याही शाळेत येणार.

चांगल्या नोंदीत तारीख असते, मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत असतं, ताईंनी काय केलं आणि कोणाला कळवलं ते असतं. "मुलगी हट्टी आहे" ही नोंद नव्हे, तो शेरा झाला. "तीन दिवस डबा खाल्ला नाही, असं ती म्हणाली", ही नोंद. वही कुलपात राहते. हजेरीपत्रकात नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. पण जिवाला धोका असेल तर ताई गप्प बसत नाहीत. आणि लैंगिक अत्याचार कळला तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. "घरातलं घरात मिटवू" तिथे चालत नाही.

आता दुसरा कागद, सुरक्षा आराखडा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकन मानसतज्ज्ञांनी तो बसवला. मुलाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर ताई त्याच्याजवळ बसून तो भरतात. विचार येण्याआधी मला काय होतं? तेव्हा मी एकटी काय करू शकते? कुणाकडे जाऊन बसलं की मन रमतं? मदत कुणाकडे मागू? डॉक्टर कोण, फोन कोणता? "मी असं करणार नाही" म्हणून सही घेणं वेगळं. त्यानं पोरीच्या हातात काहीच येत नाही.

शेवटचा प्रश्न आपला आहे: घर सुरक्षित कसं करायचं? खरं सांगायचं तर आपल्याकडे फवारणीचं औषध कणगीमागे नाहीतर पलंगाखाली असतं. ते कुलपात ठेवायचं, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. उरलेलं औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. आजीच्या गोळ्याही त्याच कुलपात. तो टोकाचा क्षण बहुतेकदा ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं, तर पोर वाचतं. आणि "मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारल्यानं डोक्यात खूळ शिरत नाही. उलट पोर बोलतं.

टेलिमानसचा नंबर 14416, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. मुलांसाठी 1098. चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.

येत्या पालकसभेत दोन गोष्टी विचारा: वहीच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि ताई रजेवर असल्या तर पोरांनी कोणाकडे जायचं?