वड्याचे तेल वांग्यावर

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला 'कुटुंब आणि मन' हा विषय दिला आहे. मी काही मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. गिरणीच्या रिंग खात्यात तुटलेले धागे जोडणारा माणूस. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा बोलण्यात काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. पण घरातला राग कुठून येतो आणि कुणावर निघतो, हे मी चाळीत डोळ्यांनी बघितलेले आहे. आज तेवढ्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे.

आपल्यात म्हण आहे, वड्याचे तेल वांग्यावर. मानसशास्त्रात याला विस्थापन म्हणतात. फ्रॉइडच्या परंपरेतल्या विद्वानांनी त्यावर पुष्कळ लिहिले. आपल्या आजीला फ्रॉइड माहीत नव्हता, पण ही गोष्ट तिला पक्की माहीत होती. ज्याचा राग येतो त्याच्यापुढे बोलायची सोय नसते. मग ज्याच्यापुढे काहीही बोललं तरी चालतं, त्याच्यावर तो राग निघतो. राग हा पाण्यासारखा आहे, उतार बघून धावतो.

गिरणीतलंच उदाहरण घ्या. बदली कामगार पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभा राहायचा. काम मिळालं तर हजेरी, नाही तर घरचा रस्ता. खात्यात जॉबर चारचौघांत आईबहिणीवरून बोलायचा. कामगार काय करणार? उद्या परत त्याच्याचपुढे उभं राहायचं असतं. मान खाली घालून ऐकून घ्यायचा. हा घरी आला की आमटीत मीठ कमी निघायचं. खरं म्हणजे मीठ बरोबर असायचं. तरी ताट भिरकावलं जायचं. ती माऊली नवऱ्याला उलट बोलू शकत नाही, मग पाढा चुकला म्हणून पोराच्या पाठीत धपाटा. पोरगा रडत रडत व्हरांड्यात जातो आणि धाकट्या बहिणीची वेणी ओढतो. बघा, शिवी दिली जॉबरने आणि रडली पाच वर्षांची पोर! तिला विचारलं, काय झालं गं बाळ, तर ती काय सांगणार?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा शाळेत होतो. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुढे गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यावर पुस्तके निघाली, सिनेमे निघाले. पण त्या काळात घराच्या आत काय झालं, यावर आपण आपसात फार कमी बोललो. बायकांनी धुणीभांडी केली, भाजी विकली, खानावळीच्या चपात्या लाटल्या. घर त्यांच्या हातावर चाललं. आणि कित्येक घरांत त्याच हातांवर वळ उठले. का? तर, मी घरी बसलो आणि ही कमावते! पोटावर पाय दुसऱ्याच कुणी दिला होता. पण तो काही हाताच्या टप्प्यात नव्हता. बायको होती.

यावर लोक म्हणतात, बिचारा परिस्थितीने गांजला होता, रागाच्या भरात माणसाला भान राहत नाही. परिस्थितीचं मला मान्य आहे. भानाचं मान्य नाही. हाच गांजलेला माणूस सावकारावर हात उचलायचा का? पोलिसाच्या अंगावर धावून जायचा का? नाही. म्हणजे जिथे आवरायला पाहिजे तिथे त्याला राग बरोबर आवरता येत होता. समोर कोण आहे ते बघूनच भान सुटत होतं. बंधूंनो, ही गोष्ट कडू आहे, पण यातच आशेची जागा आहे. जो राग साहेबापुढे आवरतो, तो घरातही आवरता येतो.

अल्बर्ट एलिस नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९५५ च्या सुमारास एक साधी पद्धत मांडली. ते म्हणतात, घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार बसलेला असतो. आता बायको कमावते, ही झाली घटना. 'म्हणजे माझी किंमत गेली', हा झाला विचार. राग त्या विचारातून येतो. तोच माणूस मनाशी म्हणाला की 'बरं झालं, हिच्यामुळे पोरांची शाळा सुटली नाही', तर? घटना तीच, पण हात उठणार नाही. विचार बदलणे आपल्या हातात आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

विहारात बसलो आहोत म्हणून अक्कोस सुत्ताची आठवण करून देतो. भारद्वाज नावाचा ब्राह्मण चिडून येतो आणि बुद्धाला शिव्या देतो. बुद्ध विचारतात, तुझ्या घरी पाहुणे येतात, त्यांनी वाढलेले अन्न घेतले नाही तर ते कुणाचे? तो म्हणतो, माझेच. बुद्ध म्हणतात, तशाच तुझ्या शिव्या तुझ्यापाशी राहिल्या. ही गोष्ट आपण घराघरांत सुनेला सांगतो आणि तिला गप्प बसवतो. माझे म्हणणे वेगळे आहे. तथागत गप्प बसले नव्हते, त्यांनी शांतपणे पण स्पष्ट उत्तर दिले. आणि दहा बाय बाराच्या खोलीत बायकापोरांनी शिवी नाकारून जायचं कुठे? म्हणून ही गोष्ट सोसणाऱ्याच्या आधी शिव्या देणाऱ्याला ऐकवा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये. मोर्च्यात समतेच्या घोषणा देणारा गडी घरी आल्यावर कसा बोलतो, हे त्याच्या बायकोला विचारा. खरी परीक्षा तिथे आहे.

कुणी म्हणेल, गिरण्या गेल्या, आता हे कशाला? पण जॉबर गेलेला नाही, तो मोबाईलमध्ये जाऊन बसला आहे. पोरगा दुचाकीवरून पार्सलं पोचवतो. गिऱ्हाइकाने रेटिंग कमी दिलं, चूक कुणाची ते विचारायला साहेबसुद्धा समोर नाही. रात्री घरी येतो तर म्हातारा बाप खोकत असतो. पोरगा त्याच्यावर खेकसतो. काल बाप वर होता, आज तो उताराला आला. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं होत आहेत, आनंद आहे. पण चाळीत भांडं आपटलं की शेजारची काकी दारात येऊन विचारायची, "काय चाललंय रे?" तिच्या लाजेने तरी हात थांबायचा. टॉवरमध्ये दार लागलं की आतलं आतच राहतं. म्हणून काकीचं काम आता विहाराने केलं पाहिजे.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. एक, कामावरून आल्यावर हातपाय धुवा, पाणी प्या आणि तोंडाने सांगा, "आज साहेब फार बोलला, माझं मन ठिकाणावर नाही." एवढं बोललं तरी मीठ कमी निघत नाही. दोन, हात उचलायचा नाही. यात 'एकदाच' वगैरे काही नाही. तीन, पोराच्या सारखं पोटात दुखतं, ते अंथरूण ओलं करतं, बाईचं डोकं महिनोन्‌महिने दुखतं, तर डॉक्टरला दाखवाच. पण घरात भीती आहे का, हेही बघा. चार, मदत मागायला लाजू नका. टेली-मानस ही सरकारी फोनसेवा २०२२ सालापासून आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत. मनाच्या डॉक्टरकडे जाणारा वेडा नसतो, दाताच्या डॉक्टरकडे आपण जातोच ना? दारूचा प्रश्न असेल तर पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून काम करते आहे. आणि भगिनींनो, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. सारखा अपमान करणे, खर्चाला पैसे न देणे, हेही त्यात येते. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर विहाराच्या फळ्यावर आजच लिहा.

जॉबरला बदलणं एकट्याच्या हातात नसतं, त्यासाठी युनियन लागते, संघर्ष लागतो. तो केलाच पाहिजे. जिथला राग तिथेच, योग्य माणसापुढे, चारजणांनी मिळून मांडायला शिका. मग तो त्या पाच वर्षांच्या पोरीपर्यंत पोचणार नाही.